संग्राह्य कार्डांवरील दुर्मीळ खुणा : साक्ष आणि घोषणा

छापील कार्ड ही मुळातच एकसारख्या प्रतींची वस्तू आहे. मोठ्या कागदावर शंभराहून अधिक कार्डे एकाच वेळी छापली जातात, मग ती कापून पाकिटांत भरली जातात आणि लाखोंच्या संख्येने बाजारात येतात. त्यामुळे तेच चित्र आणि तोच मजकूर असलेल्या दोन प्रतींच्या किमतीत फारसा फरक पडू नये, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. प्रत्यक्षात हा फरक कल्पनेपलीकडे जातो. १९९९ साली इंग्रजीत निघालेल्या पोकेमॉनच्या पहिल्या संचातील ‘चारिझार्ड’ या कार्डाची, पहिल्या आवृत्तीचा शिक्का असलेली आणि सर्वोच्च श्रेणी मिळालेली एक प्रत मार्च २०२२ मध्ये ४,२०,००० डॉलरला विकली गेली, तर त्याच चित्राच्या पण शिक्का नसलेल्या नंतरच्या छपाईच्या प्रतींना त्याच सुस्थितीतही याच्या अगदी थोड्या अंशाएवढी किंमत येते. चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्याशी असलेले एक लहानसे काळे वर्तुळ एवढा फरक कशाच्या आधारावर घडवते, हा या आढाव्याचा विषय आहे.

येथे ‘खूण’ हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे. मूळ चित्र आणि मजकूर तोच असताना एका प्रतीला किंवा प्रतींच्या एका गटाला इतरांपासून वेगळे करणारे कोणतेही छापील, ठशाने उमटवलेले किंवा घडणीतून आलेले लक्षण म्हणजे खूण होय. वापरामुळे कार्डावर पडणारे ओरखडे, मुडपलेले कोपरे किंवा डाग यांत येत नाहीत, कारण ते कार्डाच्या निर्मितीबद्दल नव्हे, तर नंतरच्या आयुष्याबद्दल सांगतात. अशा खुणांची स्थूलमानाने तीन कुळे मानता येतात: छपाईच्या ओघात नकळत राहिलेल्या खुणा, ओळख आणि वर्गीकरण यांसाठी मुद्दाम योजलेली चिन्हे, आणि दुर्मीळता विकण्यासाठीच कार्डावर आणलेले अंक व शिक्के. इतिहासातही ती साधारण याच क्रमाने पुढे आली. हा क्रम लक्षात घेतला म्हणजे एक महत्त्वाची गोष्ट दिसते: जुनी खूण निर्मितीच्या एखाद्या घटनेची साक्ष देत असे, तर नवी खूण निर्मात्याच्या इराद्याची घोषणा करते, आणि संग्राहकांनी या दोन्हींवर ठेवलेला विश्वास वेगवेगळ्या पायांवर उभा आहे.

तंबाखूची पाकिटे आणि कार्डाची मागची बाजू

या क्षेत्राचा पाया अमेरिकेतील बेसबॉल कार्डांनी घातला. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेट व तंबाखूच्या पाकिटांतून खेळाडूंच्या रंगीत चित्रांची जी कार्डे वाटली, ती आज ‘टी-२०६’ या नावाने ओळखली जातात. हे नाव कंपनीने दिलेले नाही. जेफर्सन बर्डिक या संग्राहकाने अमेरिकेतील छापील कार्डांची जी सूची तयार केली, तीत विसाव्या शतकातील तंबाखू-कार्डांसाठी ‘टी’ हे अक्षर योजले होते, त्यातून ते आले. बर्डिक १९६३ साली वारले. त्यांनी आपला प्रचंड संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला दिला आणि त्यात तीस हजारांहून अधिक बेसबॉल कार्डे आहेत. दर्शनी बाजू सारखीच असलेली कार्डे एका संचात आणण्याचे काम या सूचीने केले, आणि त्यामुळेच पुढच्या पिढ्यांना त्या संचातील बारीक फरक शोधता आले.

टी-२०६ संचातील हे फरक मुख्यतः मागच्या बाजूला आहेत. कंपनीच्या मालकीच्या सोळा छापांची जाहिरात या कार्डांच्या पाठीवर छापलेली असे. त्यांपैकी ‘पीडमाँट’ आणि ‘स्वीट कॅपोरल’ हे छाप सर्वत्र खपत असल्याने त्यांच्या पाठीची कार्डे विपुल आहेत. ‘ड्रम’, ‘उझिट’ किंवा ‘लेनॉक्स’ यांची पाठ मात्र क्वचित सापडते, आणि टाय कॉब या खेळाडूच्याच नावाने निघालेल्या तंबाखूच्या जाहिरातीची पाठ असलेली कार्डे जगात मोजकीच उरली आहेत. याशिवाय संच टप्प्याटप्प्याने वाढत गेला तसे पाठीवर १५०, ३५० किंवा ४६० असे आकडे छापले गेले, आणि कित्येक पाठींवर तंबाखूच्या कारखान्याचा क्रमांक व महसूल विभागही नोंदवलेला आहे. त्यामुळे स्वीट कॅपोरलच्याच पाठीचे दोन नमुने कारखाना-क्रमांकामुळे वेगळे ठरतात आणि ६४९ क्रमांकाच्या कारखान्याची पाठ ३० क्रमांकाच्या पाठीपेक्षा कितीतरी दुर्मीळ मानली जाते.

यांतील एकही खूण संग्राहकांसाठी छापलेली नव्हती. जाहिरात ग्राहकासाठी होती आणि कारखान्याचा क्रमांक प्रशासनाच्या सोयीसाठी होता. तरीही, किंबहुना म्हणूनच, त्या खुणा आज विश्वासार्ह पुरावा ठरतात: कोणते चित्र कोणत्या टप्प्यात, कोणत्या कारखान्यासाठी छापले गेले, हे त्यांवरून ठरवता येते आणि छपाईचा सगळा क्रम मागे जाऊन जुळवता येतो. याच संचातील होनस वॅग्नर यांचे कार्ड जगातील सर्वांत प्रसिद्ध कार्डांपैकी एक आहे. त्याची छपाई लवकर थांबल्याने आज साठेक प्रतीच ज्ञात आहेत, आणि त्यांपैकी एक ऑगस्ट २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली. बहुतेक प्रतींची पाठ स्वीट कॅपोरलची आहे, तर पीडमाँटची पाठ अगदी थोड्या प्रतींना आहे. एरवी सर्वांत सामान्य असलेली पाठ या एका खेळाडूच्या बाबतीत दुर्मीळ ठरते. खुणेचे मोल खुणेत नसून ती कोणत्या कार्डावर, कोणत्या संदर्भात येते यात असते, हा या क्षेत्राचा पहिला नियम येथे स्पष्ट होतो.

खेळणाऱ्यांच्या सोयीची चिन्हे

कार्डे केवळ जमवायची नसून त्यांनी खेळायचेही, ही कल्पना रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळाने १९९३ साली रूढ केली. त्याच्या पहिल्या छपाईला ‘अल्फा’ म्हणतात. तीत सुमारे २६ लाख कार्डे छापली गेली आणि प्रत्येक दुर्मीळ कार्डाच्या वाट्याला सुमारे ११०० प्रती आल्या. लगेच निघालेल्या ‘बीटा’ छपाईत ही संख्या तिपटीच्या आसपास गेली. या दोन्ही छपायांवर संचाचे कोणतेही चिन्ह नाही आणि आवृत्तीचा उल्लेखही नाही. तरी त्या ओळखता येतात, कारण अल्फा कापताना वापरलेल्या साच्यामुळे तिच्या कार्डांचे कोपरे बीटापेक्षा ठळकपणे अधिक गोल आहेत. डिसेंबर १९९३ च्या ‘अनलिमिटेड’ छपाईत काळ्या चौकटीऐवजी पांढरी चौकट आली आणि फरक उघड्या डोळ्यांना दिसू लागला. म्हणजे सुरुवातीच्या तीन छपायांतील भेद कोपऱ्याचा गोलवा आणि चौकटीचा रंग या घडणीच्या लक्षणांवर आधारलेला आहे.

संचचिन्हाचा जन्म एका वादातून झाला. ‘अरेबियन नाइट्स’ हा पहिला विस्तार-संच त्याच डिसेंबरात निघाला तेव्हा त्याच्या कार्डांची पाठ मूळ खेळापेक्षा वेगळी ठेवायचे आधी ठरले होते. पण तसे केले असते तर गड्डीत नवी कार्डे पाठीवरूनच ओळखू आली असती आणि खेळाची मजा गेली असती, म्हणून पाठ तीच ठेवून दर्शनी बाजूला वाकड्या तलवारीचे छोटे चिन्ह घालण्यात आले. हे चिन्ह केवळ संच सांगत होते, दुर्मीळता सांगत नव्हते. कोणते कार्ड किती प्रमाणात छापले आहे हे खेळाडूंना पाकिटे उघडून, आपसांत नोंदी ताडून शोधावे लागे. जून १९९८ च्या ‘एक्झोडस’ संचापासून ही माहिती कार्डावरच आली: संचचिन्ह काळे असेल तर कार्ड सामान्य, रुपेरी असेल तर मध्यम आणि सोनेरी असेल तर दुर्मीळ, शिवाय प्रत्येक कार्डाला संचातील क्रमांकही मिळाला. १९९९ च्या आरंभी ‘अर्झाज लेगसी’ संचात चकाकत्या, म्हणजे ‘फॉइल’, प्रती पाकिटांत आल्या आणि २००८ मध्ये सोनेरीच्याही वरचा नारिंगी-तांबडा ‘मिथिक’ वर्ग निर्माण झाला.

हा बदल मूलभूत होता. आधी दुर्मीळता हा निरीक्षणाने काढायचा निष्कर्ष होता, आता तो छापील दर्जा झाला. पोकेमॉनने हीच पद्धत आकारांनी राबवली: वर्तुळ म्हणजे सामान्य, चौकोनी हिरा म्हणजे मध्यम आणि तारा म्हणजे दुर्मीळ. युगिओ या जपानी खेळाने तर चिन्हाऐवजी कार्डाच्या पृष्ठभागालाच भाषा दिली. नावाची अक्षरे रुपेरी असणे, चित्र चकाकणे, अक्षरे सोनेरी असणे, असे दर्जे तेथे एकावर एक चढत गेले आणि २००७ मध्ये ‘टॅक्टिकल इव्होल्यूशन’ संचातील ‘रेनबो ड्रॅगन’च्या रूपाने जवळजवळ रंगहीन, धुरकट दिसणारा ‘घोस्ट रेअर’ हा प्रकार इंग्रजी संचांत आला. पोकेमॉनच्या २०२३ पासूनच्या इंग्रजी संचांत एक, दोन किंवा तीन तारे आणि त्यांचा काळा, रुपेरी वा सोनेरी रंग यांच्या मिश्रणातून इतके दर्जे झाले आहेत की नवख्या संग्राहकाला ते शिकूनच घ्यावे लागतात. दर्जांची संख्या वाढली की प्रत्येक दर्जाचे वजन घटते, आणि म्हणून निर्माते वर आणखी एक पायरी चढवतात. ही चढाओढ या उद्योगात आजही चालू आहे.

पहिल्या आवृत्तीचा शिक्का

पोकेमॉनची कार्डे जपानमध्ये ऑक्टोबर १९९६ मध्ये मीडिया फॅक्टरी या प्रकाशनसंस्थेने काढली. त्यांच्या अगदी पहिल्या छपाईत दुर्मीळतेचे वर्तुळ-हिरा-तारा हे चिन्हच नव्हते. ते पुढच्या छपाईत घातले गेले. परिणामी जपानी पहिल्या संचात सर्वांत मौल्यवान लक्षण म्हणजे चिन्हाचा अभाव ठरले, आणि संग्राहक त्याला ‘नो रॅरिटी’ छपाई म्हणतात. खूण नसणे हीसुद्धा खूण असू शकते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

इंग्रजी संच जानेवारी १९९९ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने काढला, तेव्हा पहिल्या छपाईवर पहिल्या आवृत्तीचा काळा शिक्का होता. दुसऱ्या छपाईतून शिक्का गेला, पण कार्डाची मांडणी तीच राहिली. त्यानंतर चित्राच्या चौकटीच्या उजव्या बाजूला सावली घालण्यात आली. त्यामुळे मधली छपाई ‘शॅडोलेस’, म्हणजे सावलीविरहित, या नावाने ओळखली जाते. तिची दुसरी ओळख तळाच्या हक्कओळीत आहे: पहिल्या दोन छपायांत निन्टेन्डोच्या नावाआधीच्या वर्षांत ९९ हा आकडा आहे, सावलीच्या छपाईत तो गळला आहे. म्हणजे शिक्का, सावली आणि हक्कओळ या तीन खुणा एकमेकींची पडताळणी करतात. सावली असलेल्या कार्डावर पहिल्या आवृत्तीचा शिक्का दिसला तर तो नंतर उमटवलेला असण्याची दाट शंका घ्यावी लागते.

या नियमाला एकच प्रसिद्ध अपवाद आहे आणि तो फार बोधप्रद आहे. ‘मचँप’ हे कार्ड पाकिटांतून नव्हे, तर दोन खेळाडूंच्या सुरुवातीच्या संचातून मिळत असे, आणि पुढच्या छपाईतही त्याच्यावरचा शिक्का काढला गेला नाही. त्यामुळे सावली असूनही पहिल्या आवृत्तीचा खरा शिक्का असलेले मचँप भरपूर सापडते आणि त्याची किंमत माफक राहते. शिक्का तोच, छापणारी संस्था तीच, तरीही त्याचा अर्थ निराळा. कारण दुर्मीळता शिक्क्यातून नव्हे, तर शिक्क्यामागच्या मर्यादित छपाईतून येते आणि येथे ती मर्यादाच नव्हती. इंग्रजी पोकेमॉन संचांवरील हा शिक्का २००२ च्या ‘निओ डेस्टिनी’ संचानंतर बंद झाला. युगिओच्या कार्डांवर पहिल्या आवृत्तीची अक्षरे चित्राखाली छापलेली असतात आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातील चौकोनी होलोग्राम तिला दुजोरा देतो: पहिल्या व मर्यादित आवृत्तीला तो सोनेरी, तर साध्या छपाईला रुपेरी असतो. एकाच गोष्टीची दोन स्वतंत्र चिन्हे ठेवली की खोटेपणा करणाऱ्याचे काम दुप्पट अवघड होते.

चुका आणि त्यांच्या दुरुस्त्या

निर्मात्याच्या इच्छेविरुद्ध कार्डावर आलेल्या खुणांचा वर्ग संग्राहकांना विशेष प्रिय आहे. पोकेमॉनच्या ‘जंगल’ संचातील चकाकत्या कार्डांवर फुलाच्या आकाराचे संचचिन्ह असायला हवे होते, पण शिक्का नसलेल्या छपाईतील काही प्रतींवर ते छापलेच गेले नाही. टॉप्स कंपनीच्या १९९० च्या बेसबॉल संचात फ्रँक थॉमस यांच्या कार्डाच्या काही प्रतींवर दर्शनी बाजूला खेळाडूचे नाव नाही. ही चूक जुळणीतील नसून छपाईच्या वेळी काळी शाई कागदाच्या एका भागावर न उमटल्यामुळे झाली. याचा पुरावा म्हणजे मोठ्या कागदावर त्याच्या शेजारी येणाऱ्या इतर खेळाडूंच्या कार्डांवरही काळ्या रेषांचे तुकडे गळालेले सापडले. एका कार्डावरील विसंगती शेजारच्या कार्डांनी समजावून सांगितली, आणि त्यामुळे ती कोणी मागाहून खोडलेली नाही हेही सिद्ध झाले.

दुरुस्तीमुळे चुकीचा आणखी एक पदर उलगडतो. १९८९ च्या फ्लीअर संचात बिली रिपकेन यांच्या हातातील बॅटच्या टोकावर लिहिलेला अपशब्द छायाचित्रात तसाच राहिला. लक्षात आल्यावर कंपनीने तो वेगवेगळ्या टप्प्यांत निरनिराळ्या प्रकारे झाकला: कधी काळ्या चौकोनाने, कधी रेघोट्या मारून, तर कधी पांढऱ्या ठिपक्याने. काळ्या चौकोनाच्या प्रती सर्वाधिक आहेत, पण पांढऱ्या ठिपक्याच्या प्रती मूळ चुकीच्या प्रतींपेक्षाही विरळ आहेत, कारण तो उपाय फार थोडा काळ वापरला गेला. येथे दुर्मीळता चुकीला नव्हे, तर ती निस्तरण्याच्या एका अल्पजीवी प्रयत्नाला मिळाली. मात्र या वर्गात सावधपणा आवश्यक आहे: शाईचा फिकटपणा, किंचित सरकलेली कापणी किंवा एखादा ठिपका यांना प्रत्येक वेळी ‘चूक’ म्हणणे योग्य नाही. ज्या दोषाची पुनरावृत्ती अनेक प्रतींत सारखीच आढळते आणि ज्याचे छपाईच्या प्रक्रियेत कारण दाखवता येते, तोच प्रकार म्हणून सूचीत जाण्यास पात्र असतो, अशी जाणकारांत साधारण रूढी आहे.

ठरवून आणलेली दुर्मीळता

१९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत खेळाडूंची कार्डे इतक्या प्रचंड संख्येने छापली गेली की साध्या कार्डांना काही किंमतच उरली नाही. या अतिछपाईला कंपन्यांनी दिलेले उत्तर म्हणजे मोजलेली दुर्मीळता होय. १९९० मध्ये अप्पर डेकने रेजी जॅक्सन यांच्या हस्ताक्षराची आणि हाताने क्रमांक घातलेली २,५०० कार्डे पाकिटांत मिसळली. पुढच्या वर्षी डॉनरसने ‘एलिट’ मालिकेतील प्रत्येक कार्डाच्या १०,००० प्रती छापून त्यांवर अनुक्रमांक घातले. पुढच्या काही वर्षांत हा आकडा झपाट्याने खाली आला. १९९७-९८ च्या एका बास्केटबॉल संचातील ‘प्रेशस मेटल जेम्स’ मालिकेत प्रत्येक खेळाडूच्या १०० प्रती निघाल्या आणि त्यांतील पहिल्या दहा हिरव्या, उरलेल्या नव्वद लाल ठेवल्या गेल्या. त्याच सुमारास जगात एकच प्रत असलेले कार्डही बाजारात आले. टॉप्सने २००५ पासून काढलेले सोनेरी झळाळीचे ‘सुपरफ्रॅक्टर’ याच एकमेव वर्गातले. माइक ट्राउट यांचे स्वाक्षरीयुक्त २००९ चे सुपरफ्रॅक्टर ऑगस्ट २०२० मध्ये ३९ लाख ३६ हजार डॉलरला गेले आणि तो तेव्हाचा विक्रम ठरला.

खेळाच्या कार्डांनी ही वाट उशिरा धरली. मॅजिकच्या नोव्हेंबर २०२२ च्या ‘द ब्रदर्स वॉर’ संचात काही कार्डांच्या प्रत्येकी ५०० क्रमांकित प्रती आल्या, आणि जून २०२३ मध्ये ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वर आधारित संचात ‘द वन रिंग’ या कार्डाची एकच विशेष प्रत पाकिटांत सोडण्यात आली. ती कॅनडात सापडली आणि गायक पोस्ट मलोन यांनी सुमारे वीस लाख डॉलरना घेतल्याची बातमी जगभर झाली. कथेतील अंगठी एकच असल्याने कार्डही एकच असणे कथेशी सुसंगत होते. परंतु व्यापाराच्या दृष्टीने पाहिले तर त्या एका प्रतीच्या आशेवर असंख्य पाकिटे विकली गेली, आणि म्हणून अशा छपाईची तुलना सोडतीशी केली जाते.

अनुक्रमांकाचे बलस्थान निश्चिती हे आहे. १९९३ च्या ‘टॉप्स फायनेस्ट’ संचातील ‘रिफ्रॅक्टर’ कार्डांवर क्रमांक नाही. त्यांच्या प्रत्येकी २४१ प्रती असाव्यात हा प्रचलित अंदाज पाकिटांवर दिलेल्या शक्यतेच्या प्रमाणावरून बांधलेला आहे. क्रमांकित कार्डाला असा अंदाज लागत नाही. परंतु क्रमांक सांगतो ते त्या एका रूपाच्या प्रतींबद्दलच. तेच चित्र निळ्या, हिरव्या, नारिंगी, सोनेरी अशा डझनभर रूपांत काढून प्रत्येकाला वेगळी मर्यादा दिली तर प्रत्येक रूप दुर्मीळ असूनही एकूण संख्या मोठीच राहते. शिवाय अंकाला संख्येपलीकडचा अर्थही चिकटतो: मालिकेतील पहिली प्रत, शेवटची प्रत किंवा खेळाडूच्या पाठीवरील क्रमांकाशी जुळणारी प्रत इतरांपेक्षा महाग जाते. भारतात ७८६ ने संपणाऱ्या नोटेला किंवा रिझर्व्ह बँकेने बदली नोटांसाठी २००६ पासून वापरलेल्या तारांकित क्रमांकाला हौशी मंडळींत जी मागणी असते, तिच्यामागची मानसिकता याहून फार निराळी नाही.

प्रसंगांच्या खुणा

शिक्के आणि अंक यांच्या मधोमध एक छोटा पण महत्त्वाचा वर्ग आहे, तो म्हणजे विशिष्ट प्रसंगी दिलेल्या कार्डांचा. संच बाजारात येण्याआधीच्या स्पर्धांत मिळणारी कार्डे, विजेत्यांची कार्डे आणि स्पर्धा चालवणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी ‘स्टाफ’ असा शिक्का मारलेली कार्डे यांत येतात. या वर्गाचा मुकुटमणी ‘पिकाचू इलस्ट्रेटर’ हे जपानी कार्ड आहे. १९९७-९८ मध्ये कोरोकोरो या बालमासिकाने घेतलेल्या चित्रस्पर्धांतील विजेत्यांना त्याच्या ३९ प्रती देण्यात आल्या, आणि आज ज्ञात असलेल्या प्रती चाळिसाच्या आसपास आहेत. त्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात लेखणीचे चिन्ह आहे, नेहमी ‘ट्रेनर’ हा शब्द असतो त्या जागी ‘इलस्ट्रेटर’ असे आहे आणि मजकूर खेळाचा नियम न सांगता धारकाच्या चित्राची गुणवत्ता प्रमाणित करतो. २०२२ साली जाहीर झालेल्या खाजगी व्यवहारात त्याची सर्वोच्च श्रेणीची प्रत ५२ लाख ७५ हजार डॉलर किमतीला यूट्यूबर लोगन पॉल यांच्याकडे गेल्याची गिनेस नोंद झाली. या कार्डावरील खूण मुद्दाम आखलेली आहे, पण ती विकण्यासाठी नव्हे, तर घडून गेलेल्या गोष्टीच्या नोंदीसाठी. म्हणून ती घोषणा असूनही साक्षीचे काम करते.

खरेपणाची परीक्षा

खुणेवर किंमत ठरू लागली की खोटी खूण तयार होणे अटळ असते. त्यामुळे निर्मात्यांनी खरेपणासाठीच वेगळी चिन्हे आणली: अप्पर डेकने १९८९ च्या पहिल्याच बेसबॉल संचात कार्डाच्या पाठीवर होलोग्राम दिला, आणि मॅजिकने जुलै २०१४ पासून वरच्या दर्जाच्या कार्डांच्या तळाशी लहान लंबवर्तुळाकार होलोग्राम बसवला. संग्राहकांच्या परीक्षा मात्र अनेकदा नकळत राहिलेल्या खुणांवरच टेकतात. मॅजिकच्या कार्डाच्या पाठीवरील हिरव्या गोलाकडे भिंगातून पाहिले असता खऱ्या कार्डात चार तांबडे ठिपके काटकोनी आकारात मांडलेले दिसतात; ही गोष्ट कोणी सुरक्षिततेसाठी योजली नव्हती, पण नकली छपाईत ती जमणे अवघड जाते.

१९९१ मध्ये पीएसए या संस्थेने कार्डे तपासून, त्यांना एक ते दहा अशी श्रेणी देऊन पारदर्शक पेटीत बंद करण्याची पद्धत सुरू केली आणि पुढे तशाच इतर संस्था निघाल्या. या संस्था किती प्रतींना कोणती श्रेणी मिळाली याची यादी ठेवतात, त्यामुळे दुर्मीळतेचा आणखी एक मोजलेला आकडा हाती येतो. पेटीवरील चिठ्ठी स्वतःच खूण होऊन बसते. परंतु तिचीही मर्यादा आहे. या पद्धतीने सुरुवातीलाच तपासले गेलेले पीडमाँट पाठीचे प्रसिद्ध वॅग्नर कार्ड कडा कापून सुबक केलेले होते, हे ते हाताळलेल्या लिलावव्यावसायिकाने २०१३ मध्ये न्यायालयासमोर कबूल केले. २०२५ च्या आरंभी पोकेमॉनचे प्राथमिक नमुने म्हणून विकली गेलेली काही कार्डे संशयात सापडली, कारण रंगीत लेझर छपाईयंत्रे कागदावर जे जवळजवळ अदृश्य पिवळे ठिपके सोडतात आणि ज्यांत छपाईची तारीख सांकेतिक रूपात असते, ते वाचल्यावर काही प्रती २०२४ साली छापल्याचे दिसून आले. प्रमाणपत्राने जे पार केले होते, ते कोणाच्या लक्षात नसलेल्या ठिपक्यांनी उघडे पाडले.

निष्कर्ष

या सर्व उदाहरणांतून तीन गोष्टी ठामपणे म्हणता येतात. पहिली, खूण दुर्मीळता निर्माण करत नाही; ती दुर्मीळता दिसण्याजोगी करते, आणि मर्यादित छपाईचा आधार निघून गेला तर मचँपच्या शिक्क्याप्रमाणे तीच खूण सामान्य होते. दुसरी, सर्वांत टिकाऊ पुरावा एकट्या खुणेत नसून खुणांच्या परस्परसंबंधात असतो: पाठ व कारखाना-क्रमांक, शिक्का व सावली, अक्षरे व होलोग्राम, चुकीचे कार्ड व त्याच्या शेजारचे कार्ड. तिसरी, अनुक्रमांकांच्या आणि एकमेव प्रतींच्या काळात संग्राहक कार्डापेक्षा निर्मात्याच्या वचनावर अधिक विसंबू लागला आहे. कंपनी उद्या त्याच चित्राचे आणखी एक ‘एकमेव’ रूप काढू शकते, तर १९१० साली एखाद्या कारखान्यासाठी छापलेल्या पाठींची संख्या आता कोणालाच वाढवता येत नाही.

याचा अर्थ आधुनिक क्रमांकित कार्डे पोकळ आहेत असा नाही. त्यांतील काहींच्या मागे खरा प्रसंग, खरे हस्ताक्षर किंवा खेळाच्या इतिहासातील खरे स्थान आहे, आणि अशा कार्डांवरील अंक कालांतराने साक्षीचेच काम करील. ज्या अंकामागे विक्रीची योजना सोडून सांगण्यासारखे दुसरे काही नाही, त्याची किंमत मात्र निर्मात्याच्या संयमावर आणि बाजाराच्या उत्साहावर अवलंबून राहील, आणि या दोन्हींची हमी कोणत्याही शिक्क्यात छापता येत नाही. म्हणून अभ्यासकाने आणि खरेदीदाराने कार्डावर खूण कोणती आहे एवढ्यावर न थांबता, ती का उमटली आणि तिच्या दाव्याला कार्डावरचीच दुसरी कोणती खूण दुजोरा देते, हे पाहणे अधिक शहाणपणाचे ठरते.